ताईच्या पोटातला बँड: काढायचा, ठेवायचा की दुसरं ऑपरेशन? (लातूर)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मोठ्या ताईसाठी विचारतोय, जरा लांबेल.

ताई औश्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. उंची पाच फूट एक इंच. २०१२ साली वजन १०४ होतं, शुगर नुकतीच निघाली होती, गुडघे गेलेले. तेव्हा पुण्यात दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बँड (जठराला आवळणारं कडं) बसवून घेतला. दोन-अडीच वर्षांत ८० वर आली, शुगरची गोळी बंद झाली. गावात बायका ओळखायच्या नाहीत. बँड घट्ट-सैल करायला पुण्याला जावं लागायचं, म्हणजे रात्रीची गाडी, शाळेची रजा आणि सोबत कुणीतरी. ते हळूहळू कमी झालं. पुढं ते डॉक्टर परदेशात गेले, लॉकडाऊन आला आणि मग कुणी पोर्टला हातच लावला नाही.

आता वजन ९२. जेवताना घास छातीत अडकतो, उलटी करून मोकळं व्हावं लागतं. रात्री झोपेत ठसका लागून उठते, उशी आंबट पाण्यानं ओली झालेली असते. इथं पित्ताच्या गोळ्या चालू आहेत, वर्ष होऊन गेलं. एक डॉक्टर म्हणतात काढून टाका. दुसरे म्हणतात कशाला छेडता, राहू द्या. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यानं फोनवरच सांगितलं की बँड काढून त्याच टेबलावर स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून टाकायचं ऑपरेशन) करून देतो, पॅकेज आहे.

कुणाच्या घरात असं झालंय का? काय केलंत?

उदगीरचा_बापू
भाऊ, राग मानू नका, पण पोटाला फास लावून माणूस बारीक होतो हे आमच्या टकुऱ्यात बसंना. आमच्याकडं लई लोक हे असले उद्योग करायलेत. ज्वारीची भाकरी, सकाळी चार किलोमीटर चालणं, संध्याकाळी सातच्या आत जेवण. आमची आज्जी नव्वदीला गेली, तिला कुठलं पॅकेज माहीत होतं?

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर
बापू, तुमच्या आज्जीला दंडवत, पण इथला प्रश्न वेगळा आहे. ज्याचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ताईंच्या तेव्हाच्या वजनासारखा ४३ आहे त्याला 'चाला आणि भाकरी खा' सांगून वर्षानुवर्षं तोच माणूस परत येताना आम्ही बघतो.

मांजराकाठ, वजनाचं नंतर बघू. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात काळजीची ओळ रात्रीच्या ठसक्याची आहे. बँडच्या वरती अडकलेलं अन्न आणि लाळ झोपेत उलट येते आणि श्वासनलिकेत उतरू शकते. त्यातून न्यूमोनिया होतो. याला पित्त म्हणून गोळ्या देत राहणं म्हणजे वेळ घालवणं. गोळीनं आंबटपणा कमी होईल, पाणी वर यायचं थांबणार नाही.

आधी बँड म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की पोट कापलंय. तसं नाही. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं कडं बसवतात. त्याला आतून फुगा असतो, एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणाएवढ्या पोर्टला जोडलेली असते. त्या पोर्टमध्ये खास सुईनं सलाईन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल पडतं. पायजम्याची नाडी समजा: माप बदललं की पुन्हा बांधावी लागते, एकदाच बांधून आयुष्यभर चालत नाही.

ताईंच्या लक्षणांवरून तीन-चार शक्यता दिसतात. कडं जास्त घट्ट राहिलं असेल. कड्याच्या वरचा जठराचा कप्पा ताणून मोठा झाला असेल. अन्ननलिका स्वतःच फुगली असेल. किंवा कडं जागेवरून घसरलं असेल. फोनवरून पॅकेज सांगणाऱ्याला यातलं काय आहे हे कसं कळलं, ते त्यांनाच विचारा.

पुढचं: बेरियम पिऊन एक्स-रे आणि एंडोस्कोपी, दोन्ही. बेरियममध्ये आकार आणि घसरण दिसते. एंडोस्कोपीत कडं जठराची भिंत पोखरून आत आलंय का ते दिसतं. तोवर पोर्टमधून सलाईन काढून बँड पूर्ण सैल करून घ्या. ऑपरेशन लागत नाही, ओपीडीत होतं. पण साधी इंजेक्शनची सुई घालू देऊ नका, तिनं पोर्टच्या पडद्याला भोक पडून गळती लागते. ह्यूबर सुई लागते. कॅन्सरचे पेशंट केमोपोर्ट लावून येतात त्यांनाही तीच वापरतात, म्हणून ज्या दवाखान्यात केमो चालते तिथं ती हमखास मिळते.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अचानक पोटात जोरात कळ आली, पाणीसुद्धा उलटायला लागलं, थुंकी गिळता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही. घसरलेल्या बँडमुळे जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो. निघा, आणि पोचल्याबरोबर 'पोटात बँड आहे, आधी तो सैल करा' एवढं सांगा.

मांजराकाठ
डॉक्टर, खूप आभार. अडचण अशी की डिस्चार्ज कार्ड सापडंना. कुठल्या कंपनीचा बँड, आत किती सलाईन, काहीच माहीत नाही. ताई म्हणते 'चार की सहा एमएल असंल'.

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर
कार्ड नसलं तरी चालेल. सैल करायचं तर आत असेल तेवढं सगळं ओढून घेतात. पोर्ट हाताला लागला नाही तर एक्स-रेखाली बघून सुई घालतात. कधीकधी पोर्ट उलटा फिरलेला असतो, मग छोटं ऑपरेशन लागतं. जुन्या दवाखान्याला ईमेल करून ऑपरेशन नोट मात्र मागा. पुढच्या सर्जनला ती लागेल.

आहारवाली
मी संभाजीनगरात आहारतज्ज्ञ आहे. बँडवाले पेशंट आता फार येत नाहीत, स्लीव्हवालेच जास्त. पण ताईंसारख्या दोघी-तिघी आहेत आणि सगळ्यांची एकच कथा.

बँडचा स्वभाव असा की तो घट्ट अन्न अडवतो, पातळ अडवत नाही. आपल्याकडं अडकणारे पदार्थ ठरलेले: मऊ चपाती (तिचा ओला गोळा होतो), चिकट भात, पाव, नीट न चावलेलं मटण. ताजी भाकरी बारीक कुस्करून, वरणात भिजवून, बोटाच्या पेराएवढा घास घेतला तर जाते. धपाटे बहुतेकींना जात नाहीत. मग होतं काय? जेवण जात नाही म्हणून बाई चहा-बिस्किटावर येते. दुधाचा गोड चहा, बासुंदी, श्रीखंड, आइस्क्रीम सरळ खाली उतरतं. पोट भरल्यासारखं वाटत नाही, वजन मात्र वाढतं. लोक म्हणतात 'जिभेवर ताबा नाही'. अहो, घट्ट बँडनंच तिला तिकडं ढकललंय. भाकरी-भाजी उलटून पडणार आणि चहा राहणार, तर माणूस काय घेणार?

मांजराकाठ, ताईंना विचारा, दिवसात चहा किती. रागावून नको.

तपासण्या होईपर्यंत: जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडून. झोपण्याआधी तीन-चार तास काही खायचं नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायाखाली विटा. मुगाचं वरण, ताक, मऊ पिठलं, अंडं चालत असेल तर अंडं. आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या असतील तर आजपासून बंद, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या. त्या गोळ्या जठराच्या अस्तराला खातात आणि तिथंच कडं बसलेलं आहे.

मांजराकाठ
चहा सहा-सात वेळा. शाळेत तर सारखाच. आणि हो, गुडघ्याची गोळी रोज. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी न विचारता देतो.

वजिराबादकर
नांदेडहून. मी बँड नाही, स्लीव्ह केलंय, हैदराबादला. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ. वजन १३१ होतं, आता ८९ च्या आसपास टिकून आहे. घोरणं बंद, बीपीची एक गोळी सुटली. मी खूष आहे, पण फक्त गोडगोड सांगणार नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग कायमचा कापून टाकतात. परत जोडता येत नाही. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, नंतर आले. शाकाहारी असल्यानं बी-१२ तळाला गेलं, पायाला मुंग्या येऊ लागल्या, इंजेक्शनं घ्यावी लागली. आता लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ हे कायमचं. वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी सुरुवातीला सहा महिने गोळी दिली होती. आणि मला ॲसिडिटी आधी नव्हती, आता आहे. म्हणून ताईंना जर आंबट पाण्याचा त्रास असेल तर स्लीव्ह करण्याआधी चार वेळा विचार करा.

लग्नाच्या पंगतीत काय होतं तेही सांगून ठेवतो. वाढपी ऐकत नाहीत, पाहुणे रुसतात, 'दोन घास तर घ्या' म्हणून ताटात जिलेबी पडते. मी आता ताटच घेत नाही, वाटी घेऊन हिंडतो.

उदगीरचा_बापू
वाटीवाले पाहुणे! आमच्याकडं या हुरड्याला, वाटीभर हुरडा देऊ.
पण डॉक्टर, एक सांगा. ह्या बँडला एवढी खोड होती तर मग बसवायलेत कशाला लोकांना?

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर
चांगला प्रश्न. तो काळ आठवा. पोट फाडून केलेल्या ऑपरेशनांच्या मानानं हे फार सौम्य वाटायचं. १९९३ साली बेल्जियममध्ये पहिला ॲडजस्टेबल बँड दुर्बिणीतून बसला, २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं मान्यता दिली. कापाकापी नाही, आतडं जोडायचं नाही, दुसऱ्या दिवशी घरी, नको वाटलं तर काढता येतो. ऑपरेशनच्या वेळचा धोका आजही सगळ्यांत कमी याचाच. आणि तो चालतही होता. २००८ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नुकत्याच मधुमेह झालेल्या लठ्ठ लोकांत दोन वर्षांनी बँडवाल्या ७३ टक्क्यांचा मधुमेह उतरला, नुसत्या औषध-पथ्यावाल्यांत १३ टक्क्यांचा. पेशंट ६०च होते, तरी दुर्लक्ष करण्यासारखा फरक नाही. ताईंची गोळी सुटली होती ती उगाच नाही.

खोड पुढं कळली. स्वीडनमधल्या मोठ्या पाठपुराव्यात १० वर्षांनी बायपासवाल्यांचं (जठर लहान करून आतड्याला पुढं जोडतात ते ऑपरेशन) मूळ वजन सरासरी २५ टक्के कमी राहिलं होतं, बँडवाल्यांचं १४ टक्के. ब्रसेल्सच्या एका पथकानं १२ वर्षं किंवा जास्त झालेले ८२ पेशंट तपासले, तर जवळजवळ निम्म्यांचा बँड काढून टाकावा लागला होता. २८ टक्क्यांत तो जठराची भिंत पोखरून आत शिरला होता. अर्थात त्यांना जुन्यांपैकी निम्मेच पेशंट सापडले आणि बसवण्याची पद्धतही जुनी होती, म्हणून हा आकडा सगळ्यांना लावू नका. अमेरिकेत सरकारी विम्यातल्या २५ हजार बँडवाल्यांच्या नोंदी पाहिल्या, तर साडेचार वर्षांच्या सरासरीनं १८.५ टक्क्यांचं पुन्हा ऑपरेशन झालं होतं. तेही एकदा नाही, ज्यांचं झालं त्यांचं सरासरी चार वेळा.

उलट मेलबर्नच्या एका केंद्रानं तीन हजारांवर पेशंट सांभाळले आणि १५ वर्षांनी जादा वजनापैकी (मूळ वजनाच्या नव्हे, हा हिशेब वेगळा) ४७ टक्के उतरलेलं राहिलं. तिथंही दुरुस्त्या भरपूर कराव्या लागल्या, पण पेशंट सुटू दिले नाहीत. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. बँडला जन्मभर कुणीतरी सांभाळणारं लागतं. लातूर-नांदेड-हिंगोलीच्या माणसाला शेकडो किलोमीटर जाऊन-येऊन जो सलाईनचा एक एमएल कमी-जास्त करावा लागतो, तो त्या छापील पॅकेजमध्ये धरलेलाच नसतो. अमेरिकेत २०११ मध्ये लठ्ठपणाच्या एकूण ऑपरेशनांत बँड ३५ टक्के होता, २०१८ पर्यंत एक टक्क्यावर आला. बँड कमी झाले, बसवलेले पेशंट मात्र आहेतच. त्यांना आता कुणी वाली नाही.

खुलताबादची_शबाना
माझ्या अम्मीचाही बँड आहे, ताईंच्या आसपासचाच. तिला काही त्रास नाही, ८४ वरून ६८ वर आहे आणि तिथंच. पण आमचे डॉक्टर संभाजीनगरातच आहेत, घरापासून पाऊण तास. दर वर्षी दाखवतो, दोनदा थोडं सैल केलं. रमजानमध्ये इफ्तारला घाईत खाल्लं की अडकतं म्हणून ती आधी खजूर चावून-चावून खाते, मग नमाज, मग जेवण. त्यामुळं सरसकट सगळ्यांनी काढा असं वाचून घाबरू नका.

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर
शबानाताई, बरोबर. त्रास नसेल तर राहू द्यावा, वर्षाला दाखवत राहावं. पोर्टच्या जागी लाली, पू, किंवा एकाएकी कितीही जेवण जायला लागलं, तर लगेच एंडोस्कोपी. कडं आत शिरल्याची ती पहिली खूण असू शकते, दुखेलच असं नाही.

पॉलिसीवाला_परभणी
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) नियमानं लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा क्लेम मिळायचा तर: डॉक्टरांचा सल्ला लेखी हवा, वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त. किंवा ३५ किंवा जास्त असेल तर सोबत गंभीर हृदयविकार, झोपेतला श्वास अडकण्याचा तीव्र आजार, औषधानंही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही. आणि कमी त्रासाचे उपाय करून झाले असले पाहिजेत. ताईंची उंची-वजन पाहता बीएमआय ३८ येतो, म्हणजे दुसऱ्या कलमात बसवावं लागेल. पण नुसता बँड काढणं हे लठ्ठपणाचं ऑपरेशन नाही, गुंतागुंतीचा इलाज आहे. दोन्ही एकाच बिलात घातलं की कंपनी सगळंच नाकारायला मोकळी. डॉक्टरांना कागद वेगळे करायला सांगा आणि पूर्वमंजुरी घेतल्याशिवाय दाखल होऊ नका. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मवर जुनं ऑपरेशन लिहिलं होतं का, हेही बघून घ्या.

वजिराबादकर
वजन उतरवायचं ते नवीन इंजेक्शन? आमच्या ऑफिसात दोघं घेतायत. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी. ताईंना ऑपरेशनऐवजी ते चालणार नाही का?

आहारवाली
वजनासाठी कदाचित चालेल, तपासणारा फिजिशियन हवा. पण आत्ता नाही. ती औषधं पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात, मळमळ-उलटी हा त्यांचा नेहमीचा त्रास. आधीच वर अडकतंय, त्यात हे. आणि बंद केलं की वजन परत येतं, हे विकणारे सांगत नाहीत.

मांजराकाठ
कळवायला उशीर झाला. बेरियम लातुरातच झालं. बँड फार घसरलेला नाही, पण वरचा कप्पा मोठा झालाय आणि अन्ननलिका रुंद झालीय. एंडोस्कोपीत कडं आत शिरलेलं नाही. केमो करणाऱ्या एका दवाखान्यात सुई मिळाली, तिथल्या सर्जननी एक्स-रेखाली सगळं सलाईन काढलं. सात एमएल निघालं.

ताई त्याच रात्री सरळ झोपली. ठसका नाही. दुसऱ्या दिवशी येसर आमटी-भाकरी खाल्ली, अडकली नाही. आता मात्र म्हणते, 'भूक लई लागायली रे.' पंधरवड्यात दोन किलो वाढलं, त्यानं ती खचलीय. सर्जन म्हणतात महिना-दीड महिन्यानं पुन्हा बेरियम, अन्ननलिका पूर्ववत येते का बघू, मग बँड काढू. त्यानंतर साधारण तीन महिने थांबून बायपास, स्लीव्ह नको. पॅकेजवाले अजून फोन करतात, 'एकाच भुलीत दोन्ही होईल, खर्च वाचेल.' कुणाचं ऐकावं?

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर
तुमच्या इथल्या सर्जनचं. एका बैठकीत दोन्ही करणारे चांगले लोक आहेत, ते चुकीचं नाही. पण कड्याभोवती जाड व्रणाची पट्टी तयार झालेली असते आणि तिथं स्टेपल मारले की गळतीची भीती वाढते. रुंद अन्ननलिका, आंबट पाणी आणि वर स्लीव्ह हे जमणारं नाही. बायपास केला तर जीवनसत्त्वं आणि तपासण्या जन्मभर, हे ताईंना आत्ताच नीट सांगा. आणि तो पाठपुरावा लातुरात होईल असा माणूस आधी शोधा, ऑपरेशन कुठं ते नंतर ठरवा.

आहारवाली
दोन किलोची भीती काढून टाका त्यांच्या मनातून. आता चावून खाता येतंय, म्हणजे उसळी, भाकरी, भाज्या परत आणता येतील. चहा दोनवर आला तर पुढचे किलो थांबतील. मला मेसेज करा, ताईंच्या शाळेच्या वेळेप्रमाणं ताट लिहून देते.

उदगीरचा_बापू
मांजराकाठ, ताईला म्हणावं काळजी करू नको. मी काही डॉक्टर नाही, पण लातूरला येणं-जाणं असतंय. दवाखान्यात सोबतीला माणूस लागला तर सांगा.

मांजराकाठ
बापू, नक्की सांगतो. डॉक्टर, बँड काढायच्या वेळी आम्ही काय विचारायचं?

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर
तीन गोष्टी. एक, बँड बसवताना जठराची घडी घालून टाके घेतलेले असतात, ते सोडवले का. दोन, व्रणाची पट्टी कापून काढली की तशीच ठेवली. तीन, नळी आणि पोर्ट सगळं बाहेर आलं का. हे ऑपरेशन नोटमध्ये लिहून घ्या आणि फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर ठेवा.

आणि भूल देणाऱ्याला बँडबद्दल स्वतःहून सांगा, कागदपत्रांत असलं तरी. अशा पेशंटच्या अन्ननलिकेत रात्रीचं अन्न सकाळीही सापडतं, नेहमीचे सहा-आठ तास उपाशी ठेवून भागत नाही. मी असतो तर आदल्या दिवशी फक्त पातळ देतो.

मांजराकाठ
लिहून घेतलं. पुढच्या बेरियमचा रिपोर्ट इथंच टाकतो.